न विटणारे छायाचित्र

पांढुर्णा आणि सौंसर या भागातील एखाद्या जुन्या घरात पाऊल टाकले, की बैठकीच्या भिंतीवर किंचित पुढे झुकलेल्या तसबिरींची एक रांग हमखास दृष्टीस पडते. कोणी पागोटे बांधून खुर्चीवर ताठ बसलेले असते, कोणी नऊवारी लुगड्यात अवघडून उभे असते. या तसबिरींकडे निरखून पाहिले, तर बहुतेकींची एकच कहाणी आढळते. चेहरे पिवळट पडलेले असतात, कडांवर चंदेरी झाक आलेली असते, आणि एखाद्या पावसाळ्यात कागद काचेला असा चिकटलेला असतो की तो आता सोडविताही येत नाही. आजच्या घरांत तर तसबीरही उरलेली नाही. छायाचित्रे मोबाइलमध्ये हजारोंनी साठतात आणि यंत्र बिघडले की एका क्षणात नाहीशी होतात. तेव्हा असा प्रश्न सहजच उद्भवतो, की माणसाचा चेहरा कागदावर कायमचा राहील, अशी काही युक्ती आहे काय?

अशी युक्ती आहे, आणि ती दीडशे वर्षांची जुनी आहे. तिला प्लॅटिनम मुद्रण असे म्हणतात. नाव ऐकून सामान्य माणसाने बिचकून जावे, असेच ते आहे; कारण प्लॅटिनम म्हणजे जडजवाहिरांच्या दुकानातील धातू. परंतु या पद्धतीचे मर्म समजून घेतले, तर असे दिसून येते की तिची सुरुवात प्लॅटिनमपासून होतच नाही. ती होते लोहापासून आणि उन्हापासून.

प्रथम चित्र विटते का, हे पाहणे इष्ट होईल. नेहमीच्या कृष्णधवल छायाचित्रातील काळा रंग म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण होत. हे कण कागदावरील जिलेटिनच्या पातळ थरात अडकलेले असतात. घरातील चांदीची भांडी जशी काळी पडतात, तसाच हवेतील गंधकयुक्त वायूंचा परिणाम या कणांवरही होतो. त्यातच चित्र धुताना हायपो पुरता निघाला नसेल, तर तोही आतून चांदीला खात राहतो. प्लॅटिनम हा धातू मात्र हवा, पाणी वा साधी आम्ले यांना दाद देत नाही. शिवाय प्लॅटिनमच्या चित्रात जिलेटिनचा थर नसतोच. धातूचे कण थेट कागदाच्या तंतूंत जाऊन बसतात. त्यामुळे ते चित्र चकाकत नाही, उलगडत नाही आणि काचेला चिकटतही नाही. कागद जोवर टिकेल, तोवर चित्र टिकते.

या पद्धतीचे पहिले पेटंट १८७३ साली विल्यम विलिस या इंग्रज संशोधकाने घेतले. पुढे त्याच्या कंपनीने तयार केलेला कागद बाजारात मिळू लागला आणि छायाचित्रकारांच्या त्यावर उड्या पडल्या. १८८६ साली इमर्सन आणि गुडॉल यांनी इंग्लंडमधील नॉरफोकच्या पाणथळ प्रदेशातील लोकजीवनाचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यात ४० प्लॅटिनम चित्रे होती. आपल्याकडेही छायाचित्रणाची हौस जुनीच आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच स्थापन झाली होती आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे लोक तीत भाग घेत होते. परंतु प्लॅटिनमच्या कागदाचे वैभव फार काळ टिकले नाही. १९१४ साली महायुद्ध पेटले. स्फोटक द्रव्यांसाठी लागणारी आम्ले बनविण्यास प्लॅटिनम हवे होते, आणि त्या काळी हा धातू मुख्यत्वे रशियातून येत असे. किमती भडकल्या, तयार कागद दुर्मीळ झाला आणि प्लॅटिनमच्या जागी त्याचा सोयरा धातू पॅलेडियम आला. पुढे स्वस्त चांदीच्या कागदापुढे दोघेही मागे पडले. १९६० नंतरच्या काळात आयर्विंग पेन या अमेरिकन छायाचित्रकाराने स्वतः कागद लेपून ही पद्धत पुन्हा हाती घेतली, आणि तेव्हापासून जगभर अनेक हौशी लोक घरच्या घरी ती करू लागले. आपल्या बाजूला गोव्यात ‘गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी’ या संस्थेने अशा जुन्या हस्तमुद्रण पद्धतींच्या शिक्षणाचे काम हाती घेतले.

आता या विद्येच्या गाभ्याकडे वळावयाचे. नवशिक्याचा असा समज असतो, की प्रकाश प्लॅटिनमवर पडतो आणि चित्र उमटते. वस्तुतः प्रकाश काम करतो तो लोहावर. लोहाच्या क्षारांची दोन रूपे असतात. एकास फेरिक व दुसऱ्यास फेरस असे म्हणतात. कागदावर फेरिक ऑक्झलेट आणि प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा क्षार यांचे मिश्रण लेपलेले असते. त्यावर ऊन पडले, की उन्हातील जंबुपार किरणांमुळे फेरिक ऑक्झलेटचे फेरस ऑक्झलेट बनते. जेथे निगेटिव्ह पारदर्शक असेल तेथे ते जास्त बनते, जेथे काळे असेल तेथे बनत नाही. नंतर हा कागद डेव्हलपरमध्ये बुडविला, की फेरस ऑक्झलेट विरघळते आणि विरघळता विरघळता शेजारच्या क्षारातून शुद्ध धातू मोकळा करते. तो काळा धातू म्हणजेच चित्र. लोहाचे काम येथे लग्न जुळविणाऱ्या मध्यस्थाचे असते. त्याच्यावाचून गाठ पडत नाही. परंतु गाठ पडल्यावरही तो घरात ठाण मांडून बसला, तर संसारात विघ्न येते. चित्रात उरलेले लोह पुढे पिवळा डाग बनते. या पद्धतीतील बहुतेक सगळे यश आणि बहुतेक सगळे अपयश लोहाशी निगडित आहे, हे सूत्र नवशिक्याने मनाशी बाळगावे.

यावरूनच पहिली पायरी ठरते. धातूचा एक थेंबही विकत घेण्यापूर्वी लोहाशी ओळख करून घ्यावी. आणि त्याचा स्वस्त मार्ग म्हणजे निळी छपाई. इंजिनियरांचे जुने निळे नकाशे अनेकांनी पाहिले असतील. सर जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधून काढलेल्या या पद्धतीत फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड अशी दोनच द्रव्ये लागतात, आणि उन्हात ठेवलेला कागद नुसत्या पाण्यात धुतला की चित्र निळे होऊन प्रकट होते. कागद कसा लेपावा, निगेटिव्ह कसे हवे, सौंसरच्या दुपारच्या उन्हात किती मिनिटे पुरतात, हे सारे धडे या निळ्या चित्रांवर काही रुपयांत गिरविता येतात. अशी वीस-पंचवीस चित्रे एकसारखी साधली, म्हणजे हात बसला असे समजावे.

निळी छपाई आणखी एक उपकार करते. ती कागदाची परीक्षा घेते. आजकालच्या पुष्कळशा चांगल्या कागदांत ते टिकावेत म्हणून चुनखडी मिसळलेली असते. ही चुनखडी लोहाच्या क्षारांची वैरीण आहे. तिच्यामुळे निळे चित्र फिके पडते आणि प्लॅटिनमच्या चित्रात पिवळे डाग राहतात. कागदाच्या कोपऱ्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकून तो फसफसला, तर त्यात चुनखडी आहे हे ओळखावे. कागद निव्वळ कापसाच्या लगद्याचा, चुनखडीविरहित आणि पाण्यात तासभर राहिला तरी न फाटणारा असा हवा. परदेशी गिरण्या यासाठी खास कागद करतात, पण तो महाग पडतो. पांढुर्ण्यापासून फार दूर नसलेल्या वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने हातकागदाचा धंदा पुन्हा उभा केला होता, आणि पुण्याच्या हातकागद संस्थेचे नावही सर्वश्रुत आहे. असा देशी हातकागद घेऊन त्याची वरीलप्रमाणे परीक्षा करावी. चुनखडी आढळली, तर ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणात तो कागद फसफस थांबेपर्यंत भिजवून, धुऊन, वाळवून वापरता येतो.

पाण्याकडेही लक्ष असावे. सौंसरच्या आसपासची भूमी मँगनीजच्या खाणींसाठी प्रसिद्ध आहे. भूगर्भशास्त्रात येथील खडकांच्या मोठ्या समूहाला सौंसरचेच नाव दिलेले आहे. विहिरीच्या पाण्यात क्षार किती व कोणते आहेत, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सर्व द्रावणे आणि डेव्हलपरनंतरचे पहिले स्नान यांसाठी ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे. अखेरच्या धुण्यास नळाचे पाणी चालते.

आता खर्चाचा विचार. नवशिक्याने प्लॅटिनमऐवजी पॅलेडियमपासून आरंभ करावा. ते अधिक सौम्यपणे वागते, चुका पोटात घालते आणि त्याचे चित्र उबदार तपकिरी छटेचे येते. प्लॅटिनमची छटा थंड, करडी-काळी असते. दोहोंचे मिश्रणही करता येते. पॅलेडियमचे द्रावण करण्यास ५ ग्रॅम पॅलेडियम क्लोराइड, ३.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड आणि ४० मिलिलिटर कोमट ऊर्ध्वपातित पाणी लागते. स्वयंपाकघरातील मीठ येथे चालत नाही, कारण त्यात आयोडीन व इतर द्रव्ये मिसळलेली असतात. दुसऱ्या बाटलीत फेरिक ऑक्झलेटचे शेकडा २७ प्रमाणाचे द्रावण असावे; ते तपकिरी बाटलीत, उजेडापासून दूर ठेवावे. ४ इंच बाय ५ इंच आकाराच्या चित्रास दोन्ही द्रावणांचे सहा-सहा थेंब पुरतात. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर ४० मिलिलिटरमध्ये शंभराहून अधिक चित्रे होतात, आणि एका चित्रावर सुमारे २० मिलिग्रॅमच पॅलेडियम पडते. आरंभीची रक्कम हजारोंच्या घरात जाते, हे खरे; परंतु एका चित्राचा वाटा पाहिला, तर तो चांगल्या तसबिरीच्या चौकटीपेक्षा भारी पडत नाही.

निगेटिव्ह चित्राच्याच आकाराचे हवे, कारण येथे वाढवून छापण्याची सोय नसते. निगेटिव्ह कागदावर दाबून ठेवूनच छापावे लागते. पूर्वी यासाठी मोठे कॅमेरे लागत. आता संगणकावर चित्र उलटे करून शाईच्या छपाईयंत्राने पारदर्शक फिल्मवर निगेटिव्ह छापता येते. काळ्या-पांढऱ्यातील फरक नेहमीपेक्षा ठळक ठेवावा, नाही तर चित्र मिळमिळीत येते. या सोयीचा मोठा लाभ असा, की भिंतीवरील जुन्या, विटत चाललेल्या तसबिरीची काळजीपूर्वक नक्कल उतरवून तिचेही निगेटिव्ह करता येते. मूळ चित्रास धक्का लागत नाही आणि पणजोबांचा चेहरा नव्या कागदावर पुन्हा उभा राहतो.

प्रत्यक्ष कृती अशी. मंद पिवळ्या दिव्याच्या खोलीत, काचेच्या लहान पेल्यात दोन्ही द्रावणांचे थेंब मोजून मिसळावेत. कागदावर पेन्सिलीने चौकट आखून मिश्रण मधोमध ओतावे आणि मऊ, स्वच्छ कुंचल्याने आधी आडवे, मग उभे असे हलक्या हाताने पसरावे. कुंचल्याला लोखंडी पट्टी नसावी. द्रावण मुरले, की कागद अंधारात वाळू द्यावा. मात्र तो अगदी कोरडा होता कामा नये. खोलीतील आर्द्रता शेकडा ५० ते ६० असावी, असा अनुभव आहे. कारण ओलाव्यावाचून लोहाचे काम नीट चालत नाही.

येथेच या प्रदेशाचे ऋतू आडवे येतात. वैशाखात कागद पापडासारखा कडक होतो आणि काळ्या जागा भुरकट, कणीदार उमटतात. अशा वेळी घरातील कूलरचा उपयोग होतो. कूलर चालू असलेल्या अंधाऱ्या खोलीत कागद अर्धा-पाऊण तास टांगला, की त्यास हवा तेवढा ओलावा मिळतो. आषाढ-श्रावणात उलट संकट असते. कागद दमट राहतो, निगेटिव्हला चिकटतो आणि रसायनाचे डाग पाडतो. तेव्हा दोहोंमध्ये अतिशय पातळ पारदर्शक पत्रा घालावा. अश्विन-कार्तिकापासून पुढचे दिवस मात्र आरंभासाठी सर्वांत सोयीचे. आकाश निरभ्र, ऊन स्थिर आणि हवा मध्यम.

निगेटिव्ह व कागद एका मागे उघडणाऱ्या फ्रेममध्ये काचेखाली घट्ट बसवून उन्हात ठेवावेत. किती वेळ, हे आधी सांगता येत नाही. एका कागदाच्या पट्टीवर पुठ्ठा सरकवीत दोन-दोन मिनिटांचे टप्पे घेतले, म्हणजे योग्य वेळ कळते. फ्रेमचा अर्धा भाग उघडून पाहिले, तर पिवळ्या लेपावर चित्राची पुसट तपकिरी छाया दिसू लागलेली असते.

यानंतर डेव्हलपर. पोटॅशियम ऑक्झलेटचे द्रावण यासाठी रूढ आहे. परंतु ते विषारी असल्याने नवशिक्याने अमोनियम सायट्रेट वापरणे अधिक बरे. रिकाम्या तबकात कागद ठेवून द्रावण एका दमात, न थांबता ओतावे. क्षणार्धात चित्र पूर्ण रूपाने समोर येते, आणि जुन्या मुद्रकांनाही या क्षणाचे कौतुक कधी संपत नाही, असे म्हणतात. हे द्रावण फेकून द्यावयाचे नसते. त्यात थोडी भर घालीत ते वर्षानुवर्षे वापरता येते.

चित्र दिसले म्हणजे काम संपले, असे वाटते. आणि नेमकी येथेच घाई होते. मध्यस्थाला आता निरोप द्यावयाचा असतो. सायट्रिक आम्लाच्या शेकडा एक ते दोन प्रमाणाच्या तीन स्नानांत चित्र प्रत्येकी पाच-दहा मिनिटे ठेवावे. हे आम्ल म्हणजेच किराणा दुकानातील लिंबूसत्त्व. संत्र्यांच्या या मुलखात त्या आंबट चवीची ओळख करून देण्याची गरज नाही. तिसऱ्या स्नानानंतर चित्राची पांढरी कड आणि कोऱ्या कागदाचा पांढरेपणा यांत फरक दिसला, तर लोह अजून आत आहे असे समजून आणखी एक स्नान द्यावे. नंतर अर्धा तास पाण्यात धुऊन चित्र सावलीत वाळवावे. पिवळी पडलेली कड ही कागदातील चुनखडीची, जुन्या फेरिक ऑक्झलेटची अथवा अपुऱ्या स्नानाची तक्रार असते. भुरकट काळेपणा ही कोरड्या हवेची. चूक वाचता आली, की ती दुरुस्त होते.

सावधगिरीचे चार शब्द सांगणे अगत्याचे आहे. ऑक्झलेटे पोटात गेल्यास मूत्रपिंडास अपाय होतो, आणि प्लॅटिनमच्या क्षारांची धूळ श्वासात गेल्याने काही जणांना दम्यासारखा विकार जडतो. म्हणून हातमोजे घालावेत, पूड तोलताना नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी, स्वयंपाकाची भांडी या कामास लावू नयेत आणि बाटल्यांवर नावे घालून त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलपात ठेवाव्यात. उरलेली द्रावणे विहिरीजवळ अथवा नाल्यात ओतू नयेत. तयार चित्र ठेवतानाही एक गोष्ट सांभाळावी. प्लॅटिनम स्वतः विटत नाही, पण शेजारच्या कागदावर हळूहळू परिणाम करते. जुन्या संग्रहांत समोरच्या पानावर चित्राची पिवळी छाया उमटलेली आढळते. तेव्हा दोन चित्रांमध्ये चांगला आम्लरहित कागद घालावा.

आता शेवटचा प्रश्न उरतो, आणि तो रसायनांचा नाही. कागद लेपण्यापासून धुण्यापर्यंत एका चित्रामागे दोन-तीन तास सहज जातात. मोबाइलमधील हजार चित्रांचे असे मुद्रण होणे शक्य नाही. निवड करावीच लागते, आणि या पद्धतीचा खरा लाभ कदाचित याच निवडीत आहे. १९५६ साली प्रांतांची फेररचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. कागदोपत्री सीमा अशा बदलत राहतात; परंतु पोळ्याला सजविलेले बैल, दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात उभे केलेले पळसाचे झाड आणि दोन्ही तीरांवर जमलेले पांढुर्णा व सावरगावचे लोक, संत्र्यांच्या बागेतील तोडणी, खाणीवरून परतणारे मजूर, ओसरीवर बसलेली आजी, यांची नोंद कोणत्याही कचेरीत होत नसते. ती घरातील भिंतीवरच होते. अशांपैकी एक चित्र निवडून ते न विटणाऱ्या धातूत उतरवावे, आणि कागदाच्या मागे कडेला पेन्सिलीने नाव, गाव व तारीख लिहून ठेवावी. कारण चेहरा शंभर वर्षे स्पष्ट राहिला आणि नाव कोणालाच आठवले नाही, तर ती तसबीर भिंतीवर असूनही परक्याचीच ठरते.